गायन स्पर्धेचा निकाल: गुणांचे रकाने की परीक्षकाचा कान?

गणपती जवळ आले की गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंडच्या मंडळांत आणि सोसायट्यांत गायन स्पर्धांची तयारी सुरू होते आणि समितीत एक वाद हमखास होतो. सूर, लय, शब्दोच्चार, सादरीकरण असे रकाने आखून गुण द्यायचे, की परीक्षकांनी गाणं एकसंध ऐकून थेट क्रमांक लावायचे? यंदा हे ठरवणं तुमच्याकडे आलं असेल, तर दोन्ही बाजू नीट पाहून घ्या.

रकान्यांच्या बाजूने बोलायचं तर सम (तालाची पहिली मात्रा) चुकली, पट्टी (गाण्याचा ठरलेला मूळ सूर) सुटली, 'ळ'चा 'ल' झाला या गोष्टी आवडीनिवडीच्या नाहीत. तीन परीक्षक तीन ठिकाणी बसले तरी तिघांना त्या ऐकू येतात. निकालानंतर पालक विचारायला आले की त्यांना दाखवायला काहीतरी हातात असतं. शिवाय कुणाचा शिष्य, कुणाची भाची यापेक्षा गळ्यातून काय आलं याला महत्त्व मिळतं. अनोळखी घरातल्या मुलीसाठी हे फार मोलाचं आहे.

पण रकाना दिसतो तितका निःपक्ष नसतो. दरबारी कानडा या रागातला गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर घ्या. तो आंदोलित, म्हणजे हलका झुलता असतो आणि हार्मोनियमच्या कोमल गंधारापेक्षा उतरलेला लागतो. मोबाइलवरचं ट्यूनर अ‍ॅप त्याला बेसूर म्हणेल, जाणकार मात्र तिथेच दाद देतील. हार्मोनियमला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) घेता येत नाही, तिचे सूर बांधलेले, असे आक्षेप जुनेच आहेत. आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिच्यावर बंदी ठेवली होती. म्हणजे 'सूर: २५ गुण' असं लिहिताना कोणत्या मापाने मोजायचं, हे आधी ठरवावंच लागतं. लावणीला शब्दफेक आणि ठसका जास्त गुणांचा, अभंगाला आर्तता. एकच तक्ता दोन्हींना लावला तर एकीवर अन्याय होणारच.

कानाच्या बाजूने सगळ्यात मोठी साक्ष शास्त्रीय गायक कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांची. कुमारजी मुंबईत संगीतगुरू बी. आर. देवधर मास्तरांकडे शिकले, किशोरीताईंना आई मोगूबाई कुर्डीकरांकडून जयपूर घराण्याची कडक तालीम मिळाली. दोघांनीही पुढे घराण्याची चौकट ओलांडली आणि त्याबद्दल जाणकारांची टीका ऐकली. 'परंपरेशी निष्ठा' असा रकाना असता, तर त्यांचे गुण तिथेच कापले गेले असते.

तरीही नुसत्या कानावर मी निकाल सोडणार नाही. आवड अधिकाराच्या जागी बसली की तिचाच नियम होतो. १९५२मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे गेले, आणि १९५७मध्ये आकाशवाणीला विविध भारती ही मनोरंजनाची सेवा सुरू करावी लागली. परीक्षकाच्या खुर्चीतही हाच धोका आहे: ख्यालगायकाला भावगीत हलकं वाटतं, ओळखीची चाल अनोळखीपेक्षा गोड वाटते.

म्हणून माझा कौल असा. प्राथमिक फेरी रकान्यांवर घ्या आणि त्यातही सूर-लयीला निम्म्याहून जास्त गुण ठेवा. इथे काम चाळणी लावण्याचं आहे. अंतिम फेरीत पोहोचलेले सगळे सुरात गाणारेच असतात, तिथे अर्ध्या गुणाचे हिशेब निरर्थक ठरतात. तिथे परीक्षकांना मोकळेपणाने क्रमांक लावू द्या, पण प्रत्येक क्रमांकापुढे कारण लिहून घ्या. 'भिडलं' एवढं पुरेसं नाही. 'अंतऱ्यात श्वास न तोडता ओळ पूर्ण केली, म्हणून अर्थ पोचला' हे चालेल. परीक्षकांतला एक शास्त्रीय बैठकीचा आणि एक भावगीत किंवा लोकसंगीतातला हवा, आणि स्वतःचा विद्यार्थी गाणार असेल त्या गटातून परीक्षकाने बाहेर राहायला हवं.

एकाच फेरीपुरता वेळ असेल तर रकाने ठेवा आणि पहिल्या तीन क्रमांकांवर शेवटी परीक्षकांना आपसात बोलू द्या. दहा वर्षांखालच्या मुलांना मात्र गुण सांगूच नका. काय छान झालं आणि कशाचा रियाज करायचा, या दोन ओळी त्यांच्या हातात द्या.