चार पोर्टांचा १०० वॉटचा चार्जर: आठ महिने रोज वापरल्यानंतर

माझं काम व्हिडिओ संपादनाचं. टेबलावर लॅपटॉप, दोन फोन, हेडफोन, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि प्रत्येकाचा वेगळा अडॅप्टर. ती गर्दी हटवायची म्हणून हा गॅन (गॅलियम नायट्राइडच्या भागांमुळे आकाराने लहान राहणारा) चार्जर घेतला. तीन यूएसबी-सी पोर्ट, एक यूएसबी-ए पोर्ट, आणि आकाराने लॅपटॉपच्या जुन्या अडॅप्टरच्या जेमतेम निम्मा.

लॅपटॉप एकटाच पहिल्या पोर्टला असेल तर तक्रारीला जागा नाही. माझ्या लॅपटॉपचा मूळ अडॅप्टर ६५ वॉटचा, त्यामुळे १०० वॉटने बॅटरी जळेल, असं दोघा-तिघांनी बजावलं होतं. तसं होत नाही. सी पोर्टवर आधी फक्त ५ व्होल्ट येतात. मग चार्जर आपण काय काय देऊ शकतो ते सांगतो, लॅपटॉप त्यातलं हवं ते मागतो आणि त्यानंतर व्होल्ट २० पर्यंत चढतात. किती घ्यायचं हे लॅपटॉपच ठरवतो.

खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात झाली. लॅपटॉपला हब (एका पोर्टला अनेक उपकरणं जोडून देणारी डबी), हबला मॉनिटर आणि हार्ड डिस्क, आणि हबला, त्यातूनच लॅपटॉपलाही, वीज याच चार्जरमधून. एका कामाचं फुटेज डिस्कवर उतरत होतं. तेवढ्यात मुलीने तिचा फोन शेजारच्या पोर्टला लावला. मॉनिटर काळा झाला, डिस्क गायब, कॉपी अर्धवट. "आई, मी फक्त फोन लावला गं!" ती घाबरून म्हणाली. तिची काहीच चूक नव्हती. मूळ फुटेज कॅमेऱ्याच्या कार्डावर होतं म्हणून निभावलं. तरी डिस्क तपासून सगळं पुन्हा उतरवण्यात अख्खी दुपार गेली.

झालं असं की नवीन उपकरण लागलं की हा चार्जर वॉटची वाटणी नव्याने करतो, आणि त्यासाठी क्षणभर आधीच्या पोर्टची वीजही तोडतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला हा झटका जाणवतही नाही. माझ्या हबला मात्र तो सोसत नाही, तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. उपकरण काढलं तरी तेच. अनेक पोर्टांचे बरेच चार्जर असेच वागतात, पण माझ्या खोक्यावर याबद्दल एक शब्द नव्हता. याचा मला आजही राग आहे.

वाटणीचे आकडेही पाहून ठेवावेत. दोन पोर्ट वापरात असले की ६५ आणि ३०, तीन असले की ४५, ३० आणि २०. माझा हब स्वतःसाठी १५ वॉट राखून ठेवतो, म्हणजे एक फोन जोडला की लॅपटॉपपर्यंत पोचतात ५०. लिहायला, बघायला तेवढे पुष्कळ. पण लांबलचक व्हिडिओ एक्सपोर्टला टाकला की चार्जिंगची खूण दिसत असूनही बॅटरी उतरत जाते.

केबल खोक्यातलीच वापरा. ती ५ अँपिअरची आहे, आत ओळख सांगणारी चिप आहे. मी दोन आठवडे फोनची साधी केबल लावून बसले होते. तिच्यातून ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट, त्याहून जास्त मिळत नाहीत. धोका नाही, कारण चिप नसेल तर चार्जर पुढे जातच नाही. चार्जरला मात्र मी उगाच नावं ठेवली.

नवरा म्हणाला, जुना अडॅप्टरही लॅपटॉपच्या दुसऱ्या सी पोर्टला लाव, दोन्ही मिळून भरपूर होतील. लावून पाहिलं. बेरीज होत नाही. लॅपटॉप दोघांतला एक निवडतो; मॅकबुकही ज्याची ताकद जास्त त्याच्याकडूनच वीज घेतो. पॉवर बँक जोडली तेव्हा तर उलटंच झालं, लॅपटॉपच तिला चार्ज करू लागला. सी पोर्टमधून वीज दोन्हीकडे जाऊ शकते, म्हणून जोडल्यावर बॅटरीची खूण बघायची सवय लावून घेतली.

रेटिंगमधला एक तारा मी कापलाय तो दोन पिनांच्या प्लगसाठी. लॅपटॉपची बॉडी धातूची आहे, चार्जिंगला असताना मनगट टेकलं की बारीक झिणझिण्या येतात. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून झिरपणारा तो अगदी क्षीण प्रवाह असतो. तीन पिनांच्या जुन्या अडॅप्टरवर तो अर्थिंगमधून निघून जायचा. दिवसभर हात ठेवून काम करणाऱ्याला याचा त्रास होतो.

चार्जर परत केला नाही, मांडणी बदलली. हब आता जुन्या ६५ वॉटच्या अडॅप्टरवर आहे, त्या तारेला कुणी हात लावत नाही, आणि झिणझिण्याही गेल्या. नव्या चार्जरवर दोन्ही फोन, हेडफोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या. प्रवासाला निघताना मात्र लॅपटॉपसाठी तोच एकटा बॅगेत जातो, तेव्हा हब आणि डिस्क सोबत नसतात. वाटणीचा तक्ता त्याच्या पोटाखाली काळ्यावर करड्या अक्षरांत छापलाय, वाचता येत नाही. मी तो मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टेबलाच्या कडेला चिकटवला आहे, मुलीच्या नजरेला पडेल असा.