बर्लिन की स्वेश्निकोव्ह?
बुद्धिबळात पांढऱ्याने ई-४ खेळल्यावर, म्हणजे राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवल्यावर, काळ्याने कोणता बचाव निवडावा? बर्लिन बचावाच्या खेळ्यांच्या मुख्य क्रमात आठव्या खेळीलाच वजीर पटावरून जातात आणि काळ्याचा कॅसलिंगचा (राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याचा) हक्क संपतो. दिसायला भेदरट, पण २००० साली लंडनमध्ये क्रॅमनिकने याच भिंतीवर तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला रोखून जगज्जेतेपद घेतले; बर्लिनचे चारही डाव बरोबरीत सुटले. सिसिलियन बचावाचा (ई-४ला सी-५ने उत्तर) स्वेश्निकोव्ह हा प्रकार उलट स्वभावाचा. काळ्याचे डी-५ घर कायमचे कमकुवत होते, बदल्यात मोहऱ्यांना मोकळा श्वास मिळतो. २०१८मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत कारुआनाविरुद्ध कार्लसनने हाच मार्ग धरला. सामन्यात आघाडीवर असाल तर बर्लिन घ्या. काळ्याकडून जिंकायचेच असेल तर मात्र मी स्वेश्निकोव्हच खेळेन. तिथे दोघांनाही चुकायला भरपूर वाव आहे.