कार सीट आठ महिने वापरून: सीट चांगली, पण कव्हर बनवणाऱ्याला एकदा ताम्हिणीतून न्या

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मी जानेवारीत लिहायला घेतला होता आणि तेव्हा एकच स्टार देणार होते. मग अर्धा लिहून राहिला, मधे बरंच काही झालं, त्यामुळे खाली कुठे कुठे माझंच मत बदललेलं दिसेल तर समजून घ्या.

सीट म्हणजे ती नेहमीची ० ते १८ किलोवाली, गाडीच्या बेल्टने बांधायची. आमची हॅचबॅक २०१५ची, तिला आयसोफिक्स (म्हणजे सीट थेट गाडीला अडकवायच्या कड्या) नाही, त्यामुळे दुसरा पर्यायही नव्हता. साडेआठ हजार मोजले. सासूबाईंना मी सहा सांगितलेत, तेवढं सांभाळून घ्या. त्यावरही त्या म्हणाल्या की एवढ्यात ग्राइंडर आला असता, आणि आम्ही तुझ्या नवऱ्याला मांडीवर घेऊनच सगळं कोकण फिरवलं, काय झालं त्याला. आता यावर काय बोलणार. मी बाकी काही समजावलं नाही, एवढंच सांगितलं की २०१९ला कायदा बदललाय, चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा सीटशिवाय दिसलं तर हजार रुपये दंड. "हजार?" म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून गाडीत बसल्या की आधी नातवाचा पट्टा चाचपून बघतात. आजवर एकाही पोलिसाने विचारलेलं नाही ही गोष्ट वेगळी.

बसवायला अवघड नाही, पण पहिल्यांदा आम्ही चुकीचीच बसवली. सीटवर निळ्या आणि लाल खुणा असतात, मागे तोंड करून बसवायची तर बेल्ट निळ्यातून, पुढे तोंड तर लालमधून. आमचे इंजिनिअर साहेब मॅन्युअल न बघता लालमधून घालून मोकळे. आणखी एक, मागे तोंड करून बसवली की बेल्ट खूप लागतो, आमच्या गाडीत जेमतेम पुरला, दोन इंच कमी असता तर सीट परत करावी लागली असती. घेण्याआधी हे मोजून बघा. आणि पुढची सीट सरकवावी लागते ती वेगळीच, माझे गुडघे आठ महिने डॅशबोर्डला टेकलेले आहेत.

आता मुद्द्याचं. कव्हर.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिवेआगरला निघालो. नवरा, मी, सासूबाई, मोठी साडेपाच वर्षांची (ती बूस्टरवर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या बैठकीवर बसते, तिचा काही त्रास नाही, फक्त बडबड) आणि धाकटा दीड वर्षाचा, या सीटमधे. सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, पुण्यातला चांदणी चौक सोडला तेव्हा पावणेनऊ झाले होते. पौडला सासूबाईंनी त्याला केळं भरवलं, मी नको नको म्हणत असताना. मुळशीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा तो गप्प झाला, मला वाटलं झोपला. उलटं तोंड असल्यामुळे पुढून दिसत नाही ना. ताम्हिणीचा उतार सुरू झाला आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागून आवाज आला, "अगं, हा ओकला."

केळं, दूध, सकाळचं उपीट, सगळं. आणि ते सगळं बरोबर खाली, पायांमधल्या पट्ट्याचं बक्कल जिथे असतं त्या खोबणीत जाऊन साठलं. एका भजीच्या टपरीपाशी गाडी घेतली. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की कव्हर काढून धुता येतं, तर म्हटलं काढूया. मग कळलं काय भानगड आहे ते. कव्हर सांगाड्याला इलॅस्टिकच्या हुकांनी अडकवलेलं आहे, असे सोळा हुक, मी मोजलेत, त्यातले सहा सीटच्या बुडाला, म्हणजे सीट गाडीतून सोडवल्याशिवाय हात पोचत नाही. हुक निघाले तरी कव्हर निघत नाही कारण खांद्याचे पट्टे त्याच्यातून ओवलेत, ते मागच्या बाजूने एका लोखंडी पट्टीतून सोडवायचे, मग पुढून ओढून घ्यायचे, आणि पायांमधला पट्टा बुडातून एक धातूची पट्टी आडवी फिरवून वर काढायचा. हे सगळं घाटात, रस्त्याच्या कडेला, बाजूला रडणारं पोर, आणि सासूबाई म्हणतायत रस्ता दिसत नाही म्हणून ओकतो, सरळ बसवा त्याला. अर्ध्या हुकांवर मी हार मानली. ओल्या वाइप्सनी वरवर पुसलं, खाली टॉवेल घातला आणि निघालो. माणगावला ट्रॅफिक नेहमीसारखंच, तिथे पाऊण तास उभे, काचा खाली, आणि तो वास. एकशे साठ-पासष्ट किलोमीटरला साडेसात तास लागले.

दिवेआगरला ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी काही न विचारता नळाची पाइप हातात दिली. सुपारीच्या वाडीत बसून मी कव्हर काढलं, पस्तीस मिनिटं. लेबलवर लिहिलंय ३० डिग्रीला हाताने धुवा, पट्टे मात्र भिजवायचे नाहीत, फक्त पुसायचे. सगळे सुवर्णगणेशाला गेले, सासूबाईंनी आल्यावर मला तो गणपती १९९७ला कुणाच्या सुपारीच्या वाडीत खणताना कसा सापडला, २०१२ला कसा चोरीला गेला आणि २०२१ला परत कसा बसवला ते सगळं सांगितलं, मी तेव्हा दुसऱ्या सुपारीच्या वाडीत केळ्याचे तंतू खरवडत होते. परत घालताना पट्ट्याला पीळ पडला, पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. ज्याने हे डिझाइन केलं त्याच्या घरी लहान मूल नाही, किंवा असलंच तर धुणारं माणूस दुसरं आहे.

एक स्टार तेव्हाचा. पुढे ऐका.

बीचवरून आल्यावर दोन दिवसांनी बक्कल लागेना. एक बाजू टक करून बसते, दुसरी बसतच नाही, आणि मधेच बसली तर लाल बटण दाबून निघत नाही. कस्टमर केअरला फोन केला. बिल पाठवा, व्हिडिओ पाठवा, मग दुसरा व्हिडिओ पाठवा ज्यात सीरियल नंबर दिसेल. चार दिवसांनी उत्तर, वाळू गेली असेल तर ते फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही, नवीन हार्नेस, म्हणजे पट्टे-बक्कलचा अख्खा संच, घ्या. बरं कव्हर तरी जास्तीचं एक द्या म्हटलं तर त्याचे चोवीसशे, आणि तेही स्टॉकमधे नाही. मी दोन्ही नाही म्हटलं. त्या मुलाने मला पूर्ण वेळ "सर" म्हटलं.

नवरा खोबरेल तेल सोडायला निघाला होता, तेवढ्यात सीटच्या बुडात एक कप्पा आहे तिथे मॅन्युअल सापडलं. इतके दिवस तिथेच होतं. त्यात स्वच्छ लिहिलंय, बक्कलमधे तेल-वंगण घालू नका, नुसत्या कोमट पाण्याने धुऊन वाळवा. मगमधे कोमट पाणी घेतलं, बक्कल उलटं धरून बुडवलं, बटण दाबत हलवलं. आधी वाळू आली, मग एक अख्खा कुरमुरा, आणि शेवटी चिक्कीचा तुकडा, जो आमच्याकडे संक्रांतीनंतर कुणी खाल्लेला नव्हता, म्हणजे तो मागच्या संक्रांतीचा तर नाही, सीट तेव्हा नव्हतीच, कुठून आला देव जाणे. वाळवलं आणि टक टक, दोन्ही बाजू. खर्च शून्य. फोनवर चार दिवसांत हे एका वाक्यात कुणाला सांगता आलं नाही.

तिथून मत बदललं खरं. सीट म्हणून ती खणखणीत आहे. फेब्रुवारीत वाकडला पुढच्याने कचकन ब्रेक मारला, आम्हीही मारला, माझी पर्स खाली, मोठीची बाटली खाली, हा झोपलेला तो झोपलेलाच. डोकं लटकत नाही, तास दोन तास निवांत पडतो. पट्टा खांद्यापाशी चिमटीत येत नाही इतका घट्ट राहतो. अजून तेरा किलोचा झाला नाही म्हणून उलटाच बसवतो, पाय दुमडून बसतो, त्याला काही वाटत नाही, सासूबाईंनाच वाटतं.

कव्हरचा स्टार मात्र मी देणार नाही.

त्याच्यावर उपाय सासूबाईंनी काढला हेही लिहिते, नाहीतर मला ऐकून घ्यावं लागेल. बाहेरचं कव्हर शिवून घालू नका असं मॅन्युअलमधे आहे, तर त्यांनी जुन्या सोलापुरी टॉवेलचं हे एवढं मोठं लाळेरं शिवलं, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, खाली दुमडून खिसा केलेला. पट्टे लावून झाले की वरून घालायचं. मे महिन्यात परत त्याच घाटातून गेलो, त्याच वळणांवर ओकला, सगळं खिशात. टपरीपाशी थांबलो, लाळेरं झटकलं, बाटलीतल्या पाण्याने धुतलं, मागच्या काचेला वाळत लावलं आणि दहा मिनिटांत निघालो, त्यातली सात भजी तळून होईपर्यंतची.

चार स्टार. केळं अजूनही पौडलाच भरवतात.