आईबाबांचं बीपी लांबून बघायचं तर: ॲप, ग्रुप की वही?

आईबाबा सांगलीत, मुलं पुण्यात नाहीतर बंगळुरात आणि बीपीच्या गोळ्या रोजच्या, असं ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी लिहितोय. आमच्याकडे तिन्ही प्रकार वापरून झालेत.

ब्लूटूथवालं मशीन दिसायला सगळ्यात भारी. पट्टा बांधला, बटण दाबलं की आकडा इकडे माझ्या फोनवर, ग्राफ पण तयार, आईला काही लिहायला नको. मशीनमध्ये खोट काहीच नाही, खोट आमच्यात. १५२ दिसलं की मी मीटिंगमधून उठून फोन करणार, बहीण तिकडून करणार, आणि बाबा आपले "अरे आत्ताच जिना चढून आलोय, चहा पण झालाय" असं दोघांना वेगवेगळं समजावत बसणार. मग त्यांनी काय केलं, आधी जुन्या मशीनवर बघायचे आणि तिथे कमी आलं तरच नव्याचा पट्टा बांधायचे! हे आईने हळूच सांगितलं म्हणून कळलं. ग्राफ एकदम सुंदर, खरं बीपी किती ते देव जाणे. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

व्हॉट्सॲपचा फॅमिली ग्रुप रिपोर्ट पटकन पाठवायला ठीक. पण फोटोत तारीख कापलेली असते, आणि आत्या लगेच मेथीचं पाणी सुचवते.

वही म्हणजे साधी रेघांची वही. तारीख, वेळ, वरचा-खालचा आकडा, आणि शेवटी शेऱ्याची जागा, तिथे "रात्री झोप नाही", "लग्नात लोणचं जास्त झालं" असलं काहीही. रविवारी आई त्या पानाचा फोटो फक्त आम्हा दोघांना टाकते. तसंही डॉक्टर एका आकड्यावर जात नाहीत, पाच मिनिटं शांत बसून, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मापलेलं, काही दिवसांचं सरासरी बघतात, आणि घरी ते सारखं १३५/८५ च्या वर राहायला लागलं की विचार करतात. मग मला दर आकडा त्याच मिनिटाला कळून मी करणार काय? हां, १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं असलं काही असेल तर रविवार वगैरे काही नाही, सरळ १०८. हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलंय.

आता, विसरभोळेपणा खूप वाढला असेल किंवा गोळी नुकतीच बदलली असेल तर ॲपच बरं पडेल कदाचित, प्रत्येक घर वेगळं. हॉस्पिटलच्या रिपोर्टसाठी आभाचं (सरकारचं डिजिटल आरोग्य खातं, ABHA) खातं काढून ठेवायला हरकत नाही, फक्त ते गावी गेल्यावर शेजारी बसून करा, कारण ओटीपी त्यांच्या फोनवर येतो आणि "ओटीपी कुणाला सांगू नका" हे आपणच त्यांना शिकवलंय.

मशीन काहीही घेतलंत तरी दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको, आणि पट्टा दंडाच्या मापाचा आहे ना ते दुकानातच बघून घ्या.