नाना पेठेतला फिल्टर, पार्किंगमधला पाना

१.२ लिटर पेट्रोल स्विफ्टसारखी साधी गाडी असेल आणि वॉरंटी संपलेली असेल, तर निम्मी सर्व्हिस घरी करण्यात आजही अर्थ आहे. उरलेल्या निम्मीला गॅरेजच बरं. वॉरंटी चालू असेल तर पाना खाली ठेवा. फ्री सर्व्हिसला लेबर लागतच नाही, आणि नोंदीत खंड पडला की क्लेमच्या वेळी वाद होतो.

सामान पुण्यात नाना पेठेत मिळतं. नुसतं ‘स्विफ्टचा फिल्टर’ म्हणून भागत नाही, गाडीचं साल सांगावं लागतं. आरसी जवळ ठेवा. पाकिटावरचा पार्ट नंबर, एमआरपी आणि होलोग्राम बघून मग पैसे द्या.

सगळ्यात पैसावसूल काम केबिन फिल्टरचं, म्हणजे एसीतून आत येणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरचं. ग्लोव्हबॉक्स रिकामा करून दोन्ही बाजूंनी आत दाबला की खाली येतो. मागचं झाकण काढलं की फिल्टर हाताला लागतो. नव्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा. पुण्याच्या खोदलेल्या रस्त्यांवर तो किती काळा होतो ते बघाच. एसीचा वारा कमी झाला तर गॅस भरायला पळण्याआधी हे तपासा. एअर फिल्टरही सोपा, पण झाकण खाचांत नीट न बसवता क्लिपा लावल्या तर फटीतून धूळ थेट इंजिनात. आणि कागदी फिल्टर धुवायचा नसतो. (धुणारे आहेत, म्हणून सांगावं लागतं.)

ऑइल बदलायला मात्र जागा हवी. तेल तीन लिटरच्या जरा वर लागतं, ग्रेड मॅन्युअलमधलीच. गाडी सपाट जागी, जॅक स्टँडवर (उचललेली गाडी पेलणारे पक्के पाय). डिकीतल्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. ड्रेन प्लगचा (तेल सोडायच्या बोल्टचा) वॉशर दर वेळी नवा घाला. जुन्या ऑइल फिल्टरची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. रिंगवर रिंग बसली की स्टार्ट केल्याबरोबर तेल फरशीवर. नव्या रिंगला तेलाचं बोट लावा, टेकल्यावर पाऊण फेरा, तोही हातानेच. ड्रेन प्लगवर जोर काढला तर आटे जातात आणि प्रकरण चेंबरपर्यंत, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीपर्यंत, पोचतं. वर काळं तेल गॅरेजच्या पिंपात नेऊन द्यायचं. गटारात ओतलं तर ते मुठेत जातं. एवढ्या खटाटोपात लेबर फारसं वाचत नाही.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर जपूनच. डीपीएफला, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला, कमी राखेचं इंजिन ऑइल लागतं. स्वस्तातलं घातलं की तो लवकर चोंदतो.

ब्रेक ब्लीडिंग (ब्रेकच्या तेलातली हवा काढणं), चाकांची अलाइनमेंट, एसी गॅस या कामांच्या वाटेला जाऊच नका. त्यासाठी गॅरेजला गाडी द्याल तेव्हा जॉबकार्डवर ‘केबिन आणि एअर फिल्टर नवे आहेत’ असं लिहून घ्या, नाहीतर बिलात ते पुन्हा लागतात.