सीग्रुप बरेच महिने वापरल्यावर: काय आवडलं, काय डोकं खातं

लिनक्सच्या एकाच मशीनवर माझे बिल्ड, टेस्ट आणि शंभर टॅबवाला ब्राऊझर असं सगळं चालतं, आणि गेले बरेच महिने प्रत्येक जड काम सिस्टिमडी-रन ही कमांड वापरून स्वतंत्र सीग्रुपमध्येच टाकतोय. सीग्रुप म्हणजे कर्नलने (लिनक्सचा गाभा) एकत्र बांधलेला प्रोसेसचा गट, त्याला मेमरी-सीपीयूची मर्यादा लावता येते.

प्रोसेस एकत्र बांधायची जुनी सोय, म्हणजे प्रोसेस ग्रुप, वाईट नाहीये, पण तो मुळात टर्मिनलसाठी. शेल अख्खी पाइपलाइन एका ग्रुपात ठेवतं, कंट्रोल-सी दाबलं की सिगइंट (थांबायचा सिग्नल) सगळ्यांना जातो, किलमध्ये नंबराआधी मायनस दिला की पूर्ण ग्रुप उडतो. झकास. पण एखाद्या प्रोसेसने सेटसिड हा सिस्टिम कॉल केला की ती ग्रुप सोडून, नवं सेशन घेऊन मोकळी, मग टेस्ट संपली तरी मागे कुठलातरी सर्व्हर पोर्ट अडवून बसलेला. सीग्रुपात ही पळवाट नाही, पोरं-नातवंडं जन्मतातच त्या ग्रुपात, परवानगी असल्याशिवाय बाहेर जाता येत नाही. कर्नल ५.१४ पासून तर सीग्रुप.किल फाइलमध्ये १ लिहिलं की सगळं झाड साफ, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

मेमरीचं मात्र नीट समजून घ्या. मेमरीमॅक्स ही शेवटची भिंत, तिथे ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) येतो. मेमरीहाय त्याआधी ब्रेक लावतो, काम रखडतं पण मरत नाही. आणि नुसतं मेमरीमॅक्स दिलं, स्वॅपचं (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) लिमिट नाही दिलं, तर ग्रुप स्वॅपमध्ये घुसतो आणि मशीन रडतंच, तेव्हा मेमरीस्वॅपमॅक्स शून्य करा. सीपीयूला मी कोटा (ठराविक कमाल वाटा) लावत नाही, वेट (इतरांच्या तुलनेतला वाटा) कमी करतो, म्हणजे मशीन रिकामं असेल तर बिल्डला सगळे कोर मिळतात.

२००८ मध्ये कर्नलात आलेलं सीग्रुपचं व्ही१ (पहिली आवृत्ती) म्हणजे प्रत्येक कंट्रोलरचं (मेमरी, सीपीयू वगैरे सांभाळणारा भाग) वेगळं झाड असू शकायचं, नुसता वैताग. २०१६ चं व्ही२ एकच झाड ठेवतं, म्हणून तेच घ्या. जुन्या ट्युटोरियलमधल्या कमांड तिथे चालत नाहीत हे वेगळं सांगायला नको.

तक्रार एकच: मेमरी.करंटचा, म्हणजे ग्रुप आत्ता किती मेमरी वापरतोय त्याचा आकडा. त्यात पेज कॅशही (वाचलेल्या फायलींची मेमरीतली प्रत) धरलेली असते, त्यामुळे मोठ्या फायली वाचल्या की आकडा लिमिटला टेकतो आणि उगाच घाबरायला होतं. मेमरी.स्टॅटमधली अॅनॉनची (प्रोसेसची स्वतःची, फायलींशी न जोडलेली मेमरी) ओळ बघा, आणि मेमरी.प्रेशर (मेमरीअभावी काम किती अडतंय ते) वर चढतंय का तेही.