डोकेदुखी: सीटी, एमआरआय, की दोन्ही नको?

"एकदा स्कॅन करून टाकू" असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. पण कोणता स्कॅन करायचा, हे डोकं किती दुखतं यावर ठरत नाही. दुखणं कसं सुरू झालं, किती दिवसांचं आहे आणि तपासणीत काय सापडलं, यावर ते ठरतं.

सीटी हा घाईचा स्कॅन. मिनिटाभरात शिगेला पोचलेली डोकेदुखी, डोक्याला मार, अचानक लुळा पडलेला हात: इथे कॉन्ट्रास्टशिवायचा (शिरेतून रंगद्रव्य न देता केलेला) साधा सीटी लगेच हवा. काही मिनिटांत होतो, ताजं रक्त स्पष्ट दाखवतो. मेंदूभोवतीचा रक्तस्राव पहिल्या 6 तासांत, आधुनिक मशीनवर, क्वचितच निसटतो. पुढे रक्त विरत जातं आणि नॉर्मल सीटीवरची भिस्त कमी होते. तिसऱ्या दिवशी आलेल्या पेशंटचा सीटी नॉर्मल म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवणं, ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक. तेव्हा पाठीतलं पाणी (मज्जारज्जूभोवतीचा द्रव) तपासावं लागतं किंवा सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) करावी लागते.

एमआरआय आठवडे-महिने वाढत गेलेल्या दुखण्यासाठी. लहान मेंदूचा भाग आणि पिट्यूटरी ग्रंथी (मेंदूच्या तळाशी असलेली छोटी ग्रंथी) त्यात जास्त नीट दिसते, रेडिएशन नसतं. मात्र 20 ते 40 मिनिटं आवाजात निश्चल पडून राहायचं. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात धातूचा कण (लेथवर काम करणाऱ्यांना हे मुद्दाम विचारा) असल्यास आधी सांगायलाच हवं.

दोन्ही नको, असे पेशंट ओपीडीत सर्वाधिक. 4 ते 72 तास टिकणारं, एका बाजूचं ठसठसणारं, जिना चढताना वाढणारं दुखणं, सोबत मळमळ किंवा उजेड-आवाज नकोसा होणं, असे निदान 5 झटके येऊन गेलेत आणि तपासणी नॉर्मल आहे, तर ती मायग्रेन. स्कॅन त्यात भर घालत नाही; उलट सायनसची किंचित जाड अस्तरं रिपोर्टात येतात आणि पेशंट वर्षभर 'सायनस'चे उपचार घेत फिरतो. त्याऐवजी महिनाभर डायरी ठेवायला सांगा: दुखलेले दिवस आणि गोळ्या. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यात 15 दिवस किंवा जास्त साधं पॅरासिटामॉल, किंवा 10 दिवस वा जास्त ट्रिप्टान (मायग्रेनची खास गोळी) वा मिश्र वेदनाशामक चालू असेल, तर गोळ्याच डोकेदुखी टिकवत असाव्यात.

पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं दुखणं, कानशिलाला हात लावला तरी दुखणं, चावताना जबडा भरून येणं: इथे कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते, म्हणून स्कॅनआधी ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) त्याच दिवशी. संशय दाट असेल तर रिपोर्टची वाट न पाहता स्टिरॉइड, कारण दृष्टी जाऊ शकते.

स्कॅन लिहिण्यापूर्वी बीपी मोजा आणि ऑप्थाल्मोस्कोपने (डोळ्याच्या आत बघायच्या उपकरणाने) डोळ्याचा पडदा बघा. दोन्ही दोनेक मिनिटांची कामं, तरी सर्रास राहून जातात. पडद्यावर नसेला सूज दिसली, किंवा बाळंतपणानंतर डोकेदुखी वाढत चालली, तर फॉर्मवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' लिहू नका. 'व्हेनोग्राफीसह' (मेंदूतल्या शिरा दाखवणाऱ्या तपासणीसह) असं लिहा. नाहीतर शिरेतली गुठळी साध्या एमआरआयमध्ये निसटू शकते आणि पेशंटला पुन्हा मशीनमध्ये जावं लागतं.